आधी भिंत, मग शेगडी : प्रस्तावना

दिल्लीच्या जानेवारीत सगळ्यात जास्त गारठा कुठे असतो, हे स्पर्धा परीक्षांसाठी तिकडे गेलेल्या कुठल्याही मराठी मुलाला विचारा. तो सांगेल, खोलीत. दुपारी गच्चीवर ऊन खात बसलेला माणूस स्वेटर काढून ठेवतो; जिना उतरून आत आला की तोच स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोजे आणि मांडीवर रजई असा सगळा जामानिमा करून पुस्तक उघडतो. पारा काही शून्याखाली गेलेला नसतो. पण बाहेर ऊन आहे आणि आत नाही. विटांच्या भिंती रात्रभर गारठून बसल्या आहेत. खिडकीच्या चौकटीतून वारा येतो आणि दाराखाली बोटभर फट आहे. त्याच वेळी हेलसिंकीत बाहेर उणे पंधरा अंश असतात आणि लोक घरात अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात वावरत असतात.

ही नुसती गंमत नाही. २००३ साली युरोपातल्या १४ देशांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाच्या इतर काळाच्या मानाने हिवाळ्यात मृत्यू किती वाढतात, हा त्याचा प्रश्न होता. सर्वाधिक वाढ निघाली पोर्तुगालमध्ये, सुमारे २८ टक्के. फिनलंडमध्ये ती १० टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे जिथे संत्री पिकतात त्या देशाला थंडी जास्त बाधत होती आणि जिथे समुद्र गोठतो त्याला कमी. यामागे गरिबी आहे, आरोग्यसेवा आहे, आणखीही पुष्कळ काही आहे. पण घराच्या भिंती, छत आणि खिडक्या किती उष्णता धरून ठेवतात, हा मुद्दा त्यात ठळकपणे पुढे आला. जिथे थंडी जिवावर बेतते, तिथल्या लोकांनी पाया खणतानाच तिचा विचार केला. जिथे ती दोन महिन्यांची पाहुणी आहे, तिथे तिला अंगावरच्या कपड्यांवर सोडून दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानासाठी घरातलं किमान तापमान १८ अंश असावं, असं सुचवलं. दिल्ली, लखनौ किंवा अमृतसरमधल्या किती घरांत जानेवारीच्या पहाटे १८ अंश असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, घर गरम करण्याची रीत नाहीच. आपण माणूस गरम करतो. शेकोटी, गोधडी, घोंगडी, आंघोळीच्या पाण्याचा बंब, बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी, हा आपला सारा हिवाळी सरंजाम. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. घरात मात्र कोणी काही पेटवत नाही. या रीतीला नावं ठेवण्याचं कारण नाही. इंधनाच्या हिशेबाने ती फार काटकसरीची आहे. काश्मीरची कांगडी याच घराण्यातली: मातीच्या भांड्यात निखारे, भोवती वेताची विणलेली टोपली आणि वरून फेरनचा सैल झगा. मूठभर कोळशात एक माणूस काही तास उबेत राहतो. खोलीभर हवा तापवायची तर त्याच्या कितीतरी पट कोळसा लागेल. फक्त कांगडीची किंमत शरीर मोजतं. मांड्या आणि पोट वर्षानुवर्षं भाजून होणारा त्वचेचा कर्करोग काश्मीरमध्ये इतका ओळखीचा आहे की वैद्यकात त्याला कांगडीचंच नाव पडलं आहे. आणि बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा जो धोका आहे, त्याकडे मी शेवटी येणार आहे.

या पुस्तकात मी दुसऱ्या रीतीबद्दल लिहिलं आहे: घरालाच उबदार करायचं, आणि तेही कमीत कमी जाळून. उदाहरणं अनेक देशांतली आहेत, पण मुक्काम लडाखमध्ये. याचं कारण सरळ आहे. कडाक्याची थंडी, जवळपास नसलेलं इंधन आणि भरपूर ऊन या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहायला मिळतात अशा जागा जगात थोड्या आहेत, आणि त्यातली एक आपल्या देशात आहे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. हिवाळ्यात रात्रीचं तापमान उणे वीसच्या आसपास जाऊ शकतं. नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाइप रिकामे करून ठेवावे लागतात. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, त्यामुळे डोंगर उघडेबोडके. लाकूड म्हणजे पाटाच्या कडेने माणसांनी लावलेले पॉप्लर आणि विलो. ते घराच्या तुळयांना हवेत, चुलीत घालायला परवडत नाहीत. मग जळण कशाचं? शेणाचं. उन्हाळाभर गाई-याकांचं शेण वेचून, वाळवून गच्चीवर रचायचं. आता शेण चुलीत गेलं तर शेताला खत कुठून आणायचं? त्यासाठी लडाखी घरात कोरडा संडास आला. वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, खाली बंद खोली, वरून माती टाकत राहायची आणि वसंतात ते खत शेतात न्यायचं. घर उबदार ठेवण्याचा प्रश्न शेतीपर्यंत आणि संडासापर्यंत कसा पोचतो, ते इथे दिसतं. एक पाटी शेण वाचवणारी भिंत लडाखमध्ये शेतालाही उपयोगी पडते.

जुनं लडाखी घर दुमजली, मातीचं. खाली गुरं, वर माणसं. हिवाळ्यात सगळं कुटुंब एका स्वयंपाकघरात मुक्काम हलवतं. तिथे खिडक्या लहान, मधोमध चूल, भिंतीकडेने बसायच्या गाद्या. बाकीच्या खोल्या थंडीच्या हवाली. हाही शहाणपणाच होता, कारण जेवढी जागा तापवायची तेवढंच जळण लागतं. छतावर पॉप्लरच्या तुळया, त्यावर विलोच्या काटक्या, गवत आणि मातीचा थर. मराठवाड्यातलं माळवद ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे छत परकं वाटणार नाही. दोन्हीकडे पाऊस कमी म्हणून मातीचं सपाट छत चालतं, आणि दोन्हीकडे घरात शिरल्यावर बाहेरच्या हवामानाचा जोर एकदम ओसरल्यासारखा वाटतो. एका ठिकाणी मे महिन्यात, दुसऱ्या ठिकाणी जानेवारीत.

पण इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मातीच्या घरांवर प्रेम करणाऱ्या आपल्या मंडळींत तो फार पसरला आहे. मातीची जाड भिंत म्हणजे गरम घर, असं समीकरण नाही. दीड फूट जाडीची मातीची भिंत उष्णता जेवढी अडवते, तेवढी अडवायला साधारण इंचभर लोकर पुरते. माती अडवत नाही, साठवते. दिवसा मिळालेली उष्णता पोटात घेऊन ती काही तासांनी परत देते. हा गुण मोलाचा आहे, पण साठवायला आधी काहीतरी मिळालं पाहिजे आणि साठवलेलं बाहेरच्या बाजूने निसटता कामा नये. जुन्या लडाखी घरात चूल विझली की काही वेळाने भिंती थंड पडत. पहाटे हंड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरे. तेव्हा परंपरेत सगळं होतंच, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंपरेत चूल होती आणि तिचा धूर होता. लडाखच्या खेड्यांमधल्या या धुराचा श्वसनरोगांशी असलेला संबंध १९९१ साली वैद्यकीय नियतकालिकांत मांडला गेला. हिवाळाभर बंद स्वयंपाकघरात सर्वांत जास्त वेळ बायका असत. तो धूर त्यांच्याच छातीत जास्त गेला.

उन्हाचा उपयोग करण्याची नवी लाट लडाखमध्ये आली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस. हेलेना नॉर्बर्ग-हॉज या भाषाअभ्यासक बाईंनी १९७८ मध्ये लडाख प्रकल्प सुरू केला आणि त्यातून तिथे ट्रोंब भिंती उभ्या राहू लागल्या. पुढे १९८३ मध्ये लेडेग ही लडाखी संस्था निघाली. ट्रोंब हे फ्रेंच अभियंत्याचं नाव, फेलिक्स ट्रोंब. त्यांनी वास्तुशिल्पी जाक मिशेल यांच्याबरोबर पिरेनिज पर्वतातल्या ओदेयो इथे १९६७ मध्ये अशा भिंतीचं घर बांधलं. कल्पना मात्र आणखी जुनी. अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. दक्षिणेकडची भिंत जाड बांधायची, बाहेरून काळी रंगवायची आणि तिच्यापुढे थोडं अंतर सोडून काच लावायची. ऊन काचेतून आत येतं, काळी भिंत ते पिऊन तापते, काचेमुळे ती ऊब बाहेर पळत नाही. भिंतीच्या जाडीप्रमाणे सहा ते दहा तासांनी उष्णता आतल्या बाजूला पोचते. दुपारचं ऊन रात्री झोपताना मिळतं, तेही धुराशिवाय.

हे लडाखमध्ये जमतं यामागे आकाशाची मदत आहे. वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस ऊन, हवा विरळ आणि कोरडी. लेह ३४ अंश अक्षांशावर आहे, म्हणून डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ३२ अंश वर असतो. इतका खालून येणारा किरण उभ्या भिंतीवर जवळजवळ समोरून आदळतो. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर; तेव्हा छोटीशी पागोळी किंवा छज्जा भिंतीला सावलीत ठेवतो. हिवाळ्यात घ्यायचं आणि उन्हाळ्यात नाकारायचं, हे काम एकाही यंत्राशिवाय दक्षिणमुखी भिंत करते. पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतींना हे साधत नाही. उत्तरेची भिंत हिवाळ्यात सूर्य पाहतच नाही. तिच्यातली खिडकी म्हणजे निव्वळ तोटा.

आता थोडं गणित. ते ढोबळ आहे, पण या विषयात ढोबळ गणिताइतकं डोळे उघडणारं दुसरं काही नाही. आत १५ अंश, बाहेर उणे १५, म्हणजे फरक ३० अंशांचा. नऊ इंची विटेची १० चौरस मीटर भिंत या फरकाला सुमारे ६०० वॉट उष्णता बाहेर सोडते. त्याच भिंतीला पाच सेंटिमीटर लोकर किंवा फोम लावला की ही गळती १७० वॉटवर येते. एवढी भिंत उघडी ठेवणं म्हणजे तिच्यासाठी अर्ध्या किलोवॉटहून जरा कमी ताकदीचा हीटर रात्रंदिवस चालवणं, दिवसाला दहा युनिटं. आणि घराला भिंती चार असतात, वर छत असतं.

खिडकीचं गणित याहून मजेदार आहे. एकेरी काचेचा एक चौरस मीटर त्याच फरकाला सुमारे १७० वॉट घालवतो. चोवीस तासांत चार युनिटं. लडाखच्या स्वच्छ हिवाळी दिवशी दक्षिणेच्या एक चौरस मीटर काचेतून आत येणारी उष्णताही साधारण साडेतीन-चार युनिटंच असते. म्हणजे जमा आणि खर्च जवळपास सारखे! शेलखांग, म्हणजे काचेची खोली, लडाखमध्ये प्रतिष्ठेची मानली जाते. दुपारी तिथे बसून चहा घेताना स्वर्ग वाटतो आणि रात्री तिथे थांबवत नाही, याचं कारण हे गणित. सूर्य मावळल्यावर काच हे घराला पडलेलं भगदाड असतं. उपायही याच हिशेबातून निघतो. दोन काचा लावल्या की गळती निम्मी होते, ऊन थोडंसंच कमी होतं. आणि रात्री जाड रजईसारखा पडदा चौकटीला घट्ट बसवला की खिडकी नफ्यात येते. मोठ्या काचा लावून पडद्यावर काटकसर करणाऱ्या नव्या हॉटेलवाल्यांनी हे एकदा कागदावर मांडून पाहावं.

ट्रोंब भिंतीबद्दलही सरसकट गौरवाने बोलण्यात अर्थ नाही. ती झोपायच्या खोलीला उत्तम, कारण ऊब उशिरा येते. शाळेच्या वर्गाला किंवा कचेरीला मात्र ऊब सकाळी हवी. तिथे सरळ दक्षिणेची मोठी खिडकी आणि आत मातीची जाड जमीन हे जास्त उपयोगी. फे गावाजवळ सिंधूकाठी सेकमोल या संस्थेचा परिसर आहे. १९८८ मध्ये सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संस्था सुरू केली. दहावीत नापास झालेली मुलं तिथे राहून शिकत आली आहेत. तिथल्या मातीच्या इमारतींना हिवाळ्यात दक्षिणेकडून प्लॅस्टिकचा कागद ताणून लावतात, हरितगृहासारखा, आणि उन्हाळ्यात तो काढून ठेवतात. भिंतींत आणि छतात लाकडाचा भुसा, गवत, टाकाऊ कागद अशा वस्तूंचा भराव. बाहेर उणे वीस असताना आत चौदा-पंधरा अंश राहतात, आणि त्यासाठी काही जाळावं लागत नाही. पंधरा अंश हे काही हेलसिंकी नाही, स्वेटर लागतोच. पण पाणी गोठत नाही, बोटांनी पेन धरता येतं आणि खोकला होत नाही.

याच सोनम वांगचुक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये सैन्यासाठी सौर तंबूचा नमुना दाखवला: दहा जवान राहतील एवढा, प्रत्येक भाग तीस किलोच्या आत, म्हणजे पाठीवर नेता येईल असा. रात्री बाहेर उणे १४, आत १५ अंश, अशी नोंद त्यांनी जाहीर केली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून कोणी ना कोणी सियाचीन किंवा द्रासला राहून आलं आहे, त्यांना केरोसीनच्या बुखारीबद्दल, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीबद्दल, सांगायला नको. ते केरोसीन ट्रकने, खेचराने आणि शेवटी हेलिकॉप्टरने वर चढतं. तिथे वाचलेल्या प्रत्येक लिटरमागे वाहतुकीचा केवढा खर्च वाचतो, हे शिबंदीचा हिशेब ठेवणाऱ्याला विचारावं.

उलट दिशेचा प्रवासही लडाखमध्ये चालू आहे आणि त्याबद्दल मी पुस्तकात जरा कडक लिहिलं आहे. पर्यटन वाढलं, हाती पैसा आला, सिमेंटचे ब्लॉक आणि काँक्रीटचा स्लॅब आला. काँक्रीट मातीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि भिंतही आता सहा-आठ इंचांवर आली. त्यात दर्शनी बाजू रस्त्याकडे हवी, मग रस्ता उत्तरेला का असेना. असं घर तापवायला कितीतरी जास्त इंधन लागतं आणि तरी पाय गारच. मुंबई-पुण्यात शिकलेले आपले वास्तुशिल्पी तिकडे कामं करतात. सह्याद्रीत दक्षिणेचं ऊन टाळायला शिकलेला हात लेहमध्ये नकाशा काढतानाही ते टाळू लागला, तर दोष हवामानाचा नाही. मातीकामाच्या ओढीने लडाख-हिमाचलात जाणारी तरुण मुलं अलीकडे दिसतात, त्यांच्यासाठी दिशा आणि भरावाचं प्रकरण मी मुद्दाम लांबवलं आहे.

युरोपने आणि उत्तर अमेरिकेने भिंतीचा हा धडा तेलाच्या भावातून घेतला. १९७३ च्या तेलसंकटानंतर घर तापवण्याचा खर्च डोळ्यांत खुपू लागला. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ मध्ये सस्कॅचवान कन्झर्व्हेशन हाउस बांधलं गेलं: जाड भराव, हवाबंद बांधणी आणि बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारी यंत्रणा. पुढे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे प्राध्यापक बू आदामसन यांच्या विचारांतून जर्मनीत डार्मश्टाटच्या क्रानिशश्टाइन भागात एका रांगेतली चार घरं उभी राहिली. १९९१ मध्ये लोक राहायला आले. त्यावरून पासिव्हहाउस हे मानक ठरलं. वर्षाला दर चौरस मीटरमागे तापवण्यासाठी जास्तीत जास्त १५ युनिटं. शंभर चौरस मीटरच्या घराला अख्ख्या हिवाळ्यात दीड हजार युनिटं! उन्हाळ्यात दोन एसी चालवणाऱ्या नागपूरच्या घराने हा आकडा आपल्या बिलाशी ताडून पाहावा. अशा घरात माणसांचीही गणना होते. शांत बसलेला माणूस सुमारे शंभर वॉट उष्णता देतो; पाहुणे आले की खोली आपोआप तापते.

डार्मश्टाटच्या घरांचं रहस्य भरावाइतकंच फटींत आहे, किंवा फटी नसण्यात. भिंतीला हजारोंचा भराव लावून खिडकीच्या चौकटीभोवती बोटभर फट ठेवली, तर गरम हवा वरून निघून जाते आणि थंड हवा खालून शिरते; सगळं घर धुराडं होतं. फटी बुजवणं हे या विषयातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. वारा वाहत असलेल्या दिवशी उदबत्ती लावून ती चौकटी, स्विचबोर्ड आणि दारांच्या कडांवरून फिरवावी. धूर जिथे वाकतो तिथे पैसे बाहेर चालले आहेत.

मग हीटरचं काय? पुस्तकात तो शेवटून दुसऱ्या प्रकरणात येतो, आणि ती जागा मी विचारपूर्वक दिली आहे. गळकं घर मोठ्या हीटरने गरम करता येतं, पण ते कायमचं खर्चाचं लफडं. घर आधी धरतं करावं, मग लहान यंत्र पुरतं. त्या लहान यंत्रांत आज हीट पंप सरस आहे. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेतून, जमिनीतून किंवा पाण्यातून उपसून आत आणतो. आपला एसी उलटा बसवल्यासारखा. वीज एक युनिट घेतो आणि उष्णता तीन युनिटं देतो. फार थंडीत हे प्रमाण दोनच्या आसपास उतरतं, तरी कॉइलच्या हीटरपेक्षा दुप्पटच. लॉर्ड केल्व्हिन यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती, आणि झुरिकच्या नगरसभागृहात १९३८ पासून लिमाट नदीच्या पाण्यातून ऊब उपसली जाऊ लागली. नवं म्हणून घाबरण्यासारखं त्यात काही नाही. घरांच्या संख्येच्या मानाने पाहिलं तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड हे थंड देशच त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहेत.

इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी एक प्रकरण वेगळं आहे, कारण त्यांच्या काही अडचणी आपल्या स्वयंपाकघरातून येतात. कुकरच्या शिट्ट्या, उकळती डाळ, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. ही सारी वाफ घरातल्या सर्वांत थंड जागी जाऊन पाणी होते: खिडकीच्या काचेवर, कपाटामागच्या कोपऱ्यात. तिथे काळी बुरशी धरते आणि मुलांचा दमा वाढतो. घरमालक म्हणतो, तुम्ही फार स्वयंपाक करता. भाडेकरू म्हणतो, भिंतच ओली आहे. दोघांचंही अर्धं खरं असतं. जर्मनीत लोक दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडतात आणि मग घट्ट लावून घेतात. दमट हवा जाते, भिंतीतली ऊब राहते. खिडकी दिवसभर किंचित उघडी ठेवली की नेमकं उलट होतं. आणखी एक सवय सुटायला हवी: घरी आल्यावर थर्मोस्टॅट २८ वर नेणं. त्याने घर लवकर तापत नाही; फक्त वीस अंशांवर थांबायचं ते पुढे जात राहतं. बाहेर शून्य असेल तर आतला प्रत्येक जादा अंश खर्चात सुमारे पाच टक्के भर घालतो.

राहिली महाराष्ट्रातल्या वाचकाची गोष्ट. त्याला हीटर लागत नाही. मग हे पुस्तक त्याच्या कामाचं काय? उष्णता अडवणारी भिंत दोन्ही दिशांनी अडवते. परभणीच्या मे महिन्यात स्लॅबवर टाकलेला भराव तेच काम करतो, जे लेहच्या जानेवारीत छतातला भुसा करतो. आपण पत्र्याखाली आणि उघड्या स्लॅबखाली राहून पंखे-कूलरवर पैसे उधळतो, तेव्हा पोर्तुगालचीच चूक उलट्या ऋतूत करत असतो. छताचं प्रकरण म्हणून सगळ्यांनीच वाचावं, असं मी सुचवतो. बाकीची ज्याने त्याने आपापल्या हवामानाप्रमाणे निवडावीत.

हे पुस्तक हातात घेऊन कोणी घर हवाबंद करायला निघणार असेल, तर त्याने आधी सुरक्षिततेचं प्रकरण वाचावं. कोळसा किंवा लाकूड बंद जागेत जळतं तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला त्याने जाग येत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात शेगडी आत घेऊन, दारं-खिडक्या लावून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, आणि वर्तमानपत्रात ती चार ओळींची बातमी होते. बुखारी असेल तर तिचं धुराडं छताबाहेर गेलेलं आणि मोकळं आहे, हे रोज पाहा. हिमाचल-काश्मीरला सहलीला गेलात आणि खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणून दिली, तर झोपण्याआधी ती बाहेर ठेवायला सांगा आणि एक रजई जास्त मागून घ्या.